ड्राइव्ह दोन, परवाना एक

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न रूप बदलून पुन्हा पुन्हा येतो. डीटीपीचं काम करणारे एक गृहस्थ विचारतात, 'जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज ७ आणि श्रीलिपी आहे. तिला हात न लावता नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकली तर चालेल का?' अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एक ड्राइव्ह अभ्यासाला आणि एक खेळांना हवा असतो, दोन्हींवर विंडोज. 'संगणक तर एकच आहे ना!' हा त्याचा युक्तिवाद. हिशेबाची कामं करणाऱ्या एका बाईंना दुकानदाराने डिस्क क्लोन करून दिली आणि जुनी डिस्क डब्यात घालून परत दिली, 'बाहेरून जोडून वापरा' म्हणाला. वापरायची का?

उत्तरं मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी. दुकानदार म्हणतो 'बिनधास्त टाका', भाचा म्हणतो 'ॲक्टिव्हेट होतंय म्हणजे चालतंय', आणि कार्यालयातला सिस्टिमवाला म्हणतो 'अजिबात नाही'. यातला सिस्टिमवाला बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण 'अजिबात' हा शब्द त्याला मागे घ्यावा लागेल, कारण काही वाटा पूर्ण मोकळ्या आहेत आणि त्याच लोकांना माहीत नसतात.

आधी थेट उत्तर

विंडोज १० आणि ११ च्या करारात (तोच, जो आपण न वाचता 'मान्य' म्हणतो) एका परवान्यावर एका संगणकात विंडोजची एकच प्रत टाकण्याची आणि चालवण्याची मुभा आहे. तिथे ड्राइव्ह किती, याचा हिशेब नाही. हिशेब आहे तो संगणकाचा आणि प्रतींचा. म्हणून:

- जुना ड्राइव्ह काढून नव्यावर तीच विंडोज नेली, तर प्रत एकच राहते. वेगळा परवाना लागत नाही.
- एकाच संगणकात दोन ड्राइव्ह आणि दोन्हींवर विंडोज, तर प्रती दोन झाल्या. परवानेही दोन लागतात. एका वेळी एकच चालू असते, हा बचाव करारात बसत नाही. कारण अट टाकण्याचीही आहे, नुसती चालवण्याची नाही.
- एकच ड्राइव्ह, पण त्याचे दोन भाग करून दोन्हींवर विंडोज, तरी हेच.
- एका ड्राइव्हवर विंडोज आणि उरलेल्या चारांवर फोटो, सिनेमे, हिशेबाच्या फायली असतील, तर काही प्रश्नच नाही.

मग दोन्हीकडे ॲक्टिव्हेट कशी होते?

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पूर्वी खोक्यावर पंचवीस अक्षरांची की असायची आणि ती टाकली की काम व्हायचं. २०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही की मदरबोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली येते. विंडोज नव्याने टाकताना ती आपोआप वाचली जाते, म्हणून तुम्हाला कुणी की विचारत नाही. २०१५ साली विंडोज १० बरोबर डिजिटल परवाना आला. त्यात तुमच्या संगणकाच्या सुट्या भागांवरून, मुख्यतः मदरबोर्डावरून, एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या नोंदीत राहते. पुढे त्याच आवृत्तीची विंडोज त्याच संगणकात कोणत्याही ड्राइव्हवर टाका, इंटरनेट लागलं की ओळख जुळते आणि 'विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे' असं दिसतं.

म्हणजे नोंदीला मदरबोर्ड दिसतो, ड्राइव्ह दिसत नाही. तुम्ही जुनी डिस्क फेकून नवी बसवली आहे, की दोन्ही आत ठेवून दोनदा विंडोज टाकली आहे, हा फरक ॲक्टिव्हेशनच्या यंत्रणेला करायचाच नसतो. डिस्क मरते, माणसं नवी बसवतात आणि त्यांना दर वेळी फोन करायला लागू नये, यासाठी ती सोय आहे. त्या सोयीतून दुसरी प्रतही चालू होते, एवढंच. करारातली एका प्रतीची अट त्यामुळे बदलत नाही.

याचं उलटंही खरं आहे. परवाना तुमच्या हक्काचा असूनही मदरबोर्ड बदलल्यावर ॲक्टिव्हेशन अडू शकतं. त्यासाठी सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'ट्रबलशूट' आहे. 'नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडून परवाना पुन्हा जोडून घेता येतो, पण तुमचं मायक्रोसॉफ्ट खातं आधीपासून त्या संगणकाशी जोडलेलं असेल तरच. म्हणून संगणक उघडण्याआधी खातं जोडा. कारखान्यातून आलेल्या विंडोजच्या बाबतीत मात्र, मदरबोर्ड खराब नसताना हौसेने बदललात तर परवाना जुन्या बोर्डाबरोबर गेला असं समजा.

तुमच्याकडे कोणता परवाना आहे, ते पाहा

पुढचं सगळं यावर ठरतं. स्टार्टच्या शोधखिडकीत सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा. रोमन लिपीत एसएलएमजीआर, मग एक मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला चिकटून डीएलआय, असं टाइप करून एंटर दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात यांपैकी एखादा शब्द शोधा:

- ओईएम: संगणकाबरोबर आलेली विंडोज. ही त्या संगणकाशी जन्माची बांधलेली. संगणक विकलात तर त्याच्याबरोबर जाईल, पण तिला सोडवून दुसऱ्या संगणकात नेता येत नाही.
- रिटेल: सुटी विकत घेतलेली. जुन्या संगणकातून काढून टाकली की तुमच्याच दुसऱ्या संगणकात नेता येते. पहिले ग्राहक तुम्हीच असाल, तर दुसऱ्याला देताही येते. मात्र दोन संगणकांत आलटून पालटून वापरणं करारात स्पष्ट नाकारलेलं आहे.
- व्हॉल्यूम: कंपनी, महाविद्यालय किंवा सरकारी कार्यालयाने ठोकात घेतलेली. ती संस्थेची असते, तुमची नसते. घरच्या संगणकावर हा शब्द दिसला आणि तुम्ही कुठल्या संस्थेचे नाही, तर पुढचा 'स्वस्त की'चा भाग आधी वाचा.

एक बारकावा आहे. फुकटच्या अपग्रेडमधून आलेल्या परवान्यावर इथे बहुधा 'रिटेल' दिसतं. पण मूळ विंडोज संगणकाबरोबर आली असेल, तर अपग्रेडनंतरही तिचे नियम तेच राहतात. शब्दावर विसंबू नका, बिल पाहा.

प्रसंग पहिला: डिस्क बदलायची आहे

सर्वांत सामान्य आणि सर्वांत निर्धोक. जुन्या डिस्कचा क्लोन करून एसएसडी बसवा किंवा नव्याने विंडोज टाका, दोन्ही चालतं. प्रश्न उरतो जुन्या डिस्कचा. करारात बॅकअपसाठी एक प्रत ठेवण्याची मुभा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५२(१)(एए) नुसार, कायदेशीरपणे हाती असलेल्या प्रोग्रॅमची, हरवण्याबिघडण्यापासून संरक्षण म्हणून, प्रत करता येते. तेव्हा जुनी डिस्क महिनाभर कपाटात पडून राहिली, तर माझ्या मते काळजीचं कारण नाही. नवी एसएसडी नीट चालते आहे याची खात्री झाली, की जुन्या डिस्कला फॉरमॅट मारा आणि साठवणीला वापरा.

हिशेबाच्या बाईंना माझं उत्तर हेच: डब्यातली डिस्क फायली पाहण्यापुरती जोडा. तिच्यावरून संगणक सुरू करू नका आणि ती दुसऱ्या संगणकाला लावून 'आहे ती विंडोज तिथेही चालेल' असंही करू नका.

प्रसंग दुसरा: दोन विंडोज खरोखरच हव्या आहेत

मग दुसरा परवाना घ्या. घेताना दोन गोष्टी पाहा. 'होम'वरून 'प्रो'ला जाण्याचं अपग्रेड हा दुसरा परवाना नसतो. आहे तोच वरच्या पायरीवर जातो. तुम्हाला पूर्ण, सुटी विंडोज घ्यावी लागेल. दुसरं म्हणजे दोन्ही ड्राइव्हवर एकच आवृत्ती असेल, तर संगणक दुसरीलाही जुन्या ओळखीवर आपोआप ॲक्टिव्हेट करेल आणि नवी की वापरलीच गेली नाही असं होईल. तरीही ती सेटिंग्जमधून टाका आणि बिल जपून ठेवा. उद्या कार्यालयात तपासणी झाली, तर संगणक काय दाखवतो त्यापेक्षा बिल काय म्हणतं ते विचारलं जाईल.

ॲक्टिव्हेट न करताच दुसरी विंडोज वापरावी, कोपऱ्यातला पुसट मजकूर सहन करावा, असं काही जण सुचवतात. करार तेही मानत नाही. योग्य परवाना आणि योग्य ॲक्टिव्हेशन, दोन्ही असेल तरच वापराचा हक्क, असं त्यात लिहिलं आहे.

प्रसंग तिसरा: १० ठेवून ११ टाकायची आहे

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या प्रश्नाला ऊत आला आहे. '११ तर फुकट मिळाली, मग १० दुसऱ्या ड्राइव्हवर राहू दे की!' असं वाटणं साहजिक आहे. पण फुकट मिळतं ते अपग्रेड, नवा परवाना नव्हे. तुमचा एकच परवाना १० वरून ११ वर सरकतो. दोन्ही शेजारी ठेवल्या तर प्रती दोन.

११ आवडेल की नाही याची धास्ती असेल, तर अपग्रेडनंतर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. त्या दहा दिवसांत 'डिस्क क्लीनअप' चालवू नका. जुनी विंडोज त्यात साफ होते. आणि संगणक ११ साठी अपुरा पडत असेल, तर १० वरच राहून घरगुती ग्राहकांसाठीच्या वाढीव सुरक्षा योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळवता येतात.

'डाउनग्रेड'चा हक्कही अनेकांना उलटा समजतो. 'प्रो' आवृत्तीच्या काही परवान्यांवर जुनी आवृत्ती टाकता येते. पण ती नवीच्या ऐवजी असते, नवीच्या जोडीला नसते.

डीटीपीवाल्यांसाठी, जरा सविस्तर

मराठी छपाईच्या धंद्यात जुनी विंडोज का जपली जाते, हे बाहेरच्यांना कळत नाही. पेजमेकरमधल्या वीस वर्षांच्या फायली, श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट, मागच्या बाजूला अडकवलेलं डोंगल आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर. यातलं एक जरी नव्या विंडोजवर रुसलं तरी दिवाळी अंकाचं काम अडतं. त्यामुळे 'जुनं सोडा' असा सल्ला मी देणार नाही. परवान्याच्या बाजूने तीन शक्यता दिसतात.

संगणक जुनाच आहे, त्याच्याबरोबर विंडोज ७ आली होती आणि आता त्यातच नवी एसएसडी घालून पूर्ण किमतीची वेगळी विंडोज विकत घेतली आहे. हे चालेल, दोन प्रती, दोन परवाने. पण त्या ७ वरूनच कधीकाळी फुकट १० घेतली असेल, तर तो परवाना ७ कडून १० कडे गेला. मग दोन्ही ठेवता येत नाहीत. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, आणि विंडोज ७ च्या काळातल्या संगणकात ते बहुधा नसतंच.

दुसरी शक्यता अशी: संगणक नवा आणि जुन्या संगणकातली डिस्क काढून नव्यात घालायची. विंडोज ७ जुन्या संगणकाबरोबर आलेली असेल, तर हे करारात बसत नाही. आणि परवाना बाजूला ठेवला तरी ती नव्या संगणकावर सुरू होण्याची आशा कमीच. नव्या बोर्डांचे यूएसबी आणि एनव्हीएमईचे ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नाहीत.

तिसरी, खोक्यातून घेतलेली सुटी विंडोज ७. ती जुन्या संगणकातून काढून नव्यात नेता येते. दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा आभासी संगणकात, कुठेही, पण एकाच ठिकाणी.

तिन्ही बाबतींत विंडोज ७ इंटरनेटला जोडू नका. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. माझा स्वतःचा कल असा की, जुना संगणक आहे तसाच, नेटची वायर काढून, कोपऱ्यात चालू ठेवावा आणि फायली पेन ड्राइव्हने न्याव्यात. परवान्याचा प्रश्न राहत नाही, डोंगल हलवावं लागत नाही. जागा अडते, हे कबूल.

बाहेरचा ड्राइव्ह आणि आभासी संगणक

यूएसबी ड्राइव्हवर विंडोज घेऊन फिरायचं आणि मिळेल त्या संगणकाला लावायची, ही कल्पना मोहक आहे. मायक्रोसॉफ्टने ती 'विंडोज टू गो' नावाने मोठ्या कंपन्यांसाठी आणलीही होती. २०२० मध्ये ती काढून टाकली. विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्हवर विंडोज टाकायला नकार देतो. बाहेरच्या हत्याराने ते जमवता येतं, पण करारातली संगणकाची व्याख्याच आतल्या साठवणीच्या साधनाची आहे आणि प्रत्येक नवा संगणक म्हणजे परवान्याचा नवा प्रश्न. घरात हौसेने करून पाहणं वेगळं. धंद्यात यावर अवलंबून राहू नका.

आभासी संगणक, म्हणजे विंडोजच्या आत चालणारी दुसरी विंडोज, परवान्याच्या दृष्टीने स्वतंत्र संगणक आहे. त्याला वेगळा परवाना लागतो.

दुसरी विंडोज हवीच का?

पत्रं वाचताना मला वाटतं, निम्म्या लोकांना दुसरी विंडोज नको असते. त्यांना वेगळेपणा हवा असतो. तो असाही मिळतो:

- खेळ आणि अभ्यास वेगळे ठेवायचे असतील: दोन वापरकर्ते तयार करा आणि खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर टाका. खेळांच्या दुकानांचे ॲप ड्राइव्ह निवडू देतात. परवाना एकच पुरतो.
- अनोळखी प्रोग्रॅम तपासायचा असेल: 'प्रो' आवृत्तीत विंडोज सँडबॉक्स आहे. बंद केला की आतलं सगळं पुसलं जातं. वेगळा परवाना नाही.
- थोडे दिवस चाचणी घ्यायची असेल: विंडोज ११ एंटरप्राइझची नव्वद दिवसांची चाचणी प्रत मायक्रोसॉफ्ट फुकट देते. रोजच्या कामाला नाही, तपासण्यापुरती.
- बिघाड झाला तर तयारी हवी असेल: दुसरी विंडोज नको, डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवा. ती बॅकअपमध्ये मोडते.
- नुसतं वेगळं काहीतरी शिकायचं असेल: दुसऱ्या ड्राइव्हवर लिनक्स टाका.

लिनक्सबद्दल फार सांगायला नको. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट किंवा आपल्या सी-डॅकचं बॉस, यांपैकी काहीही हव्या तितक्या ड्राइव्हवर, हव्या तितक्या संगणकांवर टाका. शेजारची विंडोज एकच असल्याने तिच्या परवान्याला धक्का लागत नाही. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आत असतोच. अपवाद एवढाच की, रेड हॅटसारख्या व्यावसायिक लिनक्सची वर्गणी संगणकांच्या संख्येवर असते. एकट्या विकासकाला मात्र सोळा संगणकांपर्यंत ती फुकट मिळते.

मॅकवाल्यांची चिंता वेगळी. मॅकओएसला पैसे नाहीत, पण ती ॲपलच्याच संगणकावर टाकायची, ही अट आहे. साध्या पीसीच्या दुसऱ्या ड्राइव्हवर मॅकओएस बसवणं जमत असलं तरी कराराबाहेरचं आहे. मॅकच्या आत, विकास, चाचणी किंवा खासगी वापरासाठी, मॅकओएसचे आणखी दोन आभासी संगणक चालवायला ॲपलची परवानगी आहे.

बसवताना होणाऱ्या चुका

परवाना नीट असूनही लोक इथे रडतात, म्हणून हे चार मुद्दे.

पहिला मी स्वतः भोगला आहे. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकली. छान चालली. काही महिन्यांनी जुनी डिस्क काढून भाच्याला दिली, आणि संगणक उठेचना. विंडोजचा इन्स्टॉलर सुरुवातीची बूट फाइल आधीच असलेल्या डिस्कवरच्या भागात ठेवून देतो. ती फाइल भाच्याबरोबर गेली होती. नवीन ड्राइव्हवर विंडोज टाकताना बाकीचे सगळे ड्राइव्ह काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा.

दुसरा, बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद असते आणि मालकाला पत्ताच नसतो. ड्राइव्ह किंवा बायोसमध्ये काही बदललं, की निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का, हे आधी पाहा, कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरता थांबवा.

तिसरा, 'फास्ट स्टार्टअप'. दोन ड्राइव्हवर दोन सिस्टिम असतील तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून हा पर्याय बंद करा. तो चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धी झोपलेली असते. तेवढ्यात लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिलंत तर फायली बिघडू शकतात.

चौथा, क्लोन केलेल्या दोन डिस्क एकाच वेळी जोडून संगणक सुरू करणं. दोघींची ओळखखूण सारखी असल्याने विंडोज एकीला 'ऑफलाइन' करून ठेवते आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. गेलेली नसते. जुनी काढा, नवीवरून एकदा सुरू करा, मग जुनी जोडा.

आणि जाता जाता: विंडोजबरोबर आतल्या प्रोग्रॅमचे परवानेही असतात. टॅली वापरत असाल तर डिस्क बदलण्याआधी तिच्यातून परवाना 'सरेंडर' करा. मार्चअखेरीला हे आठवून उपयोग नसतो.

स्वस्त की: घेण्याआधी

काही हजारांची विंडोज काही शेकड्यांत मिळते, 'लाइफटाइम' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि ती ॲक्टिव्हेट होतेही. त्या कुठून येतात, हे कळलं की मोह कमी होतो. काही कंपन्यांना ठोकात दिलेल्या व्हॉल्यूम की असतात, ज्या संस्थेबाहेर विकायची परवानगीच नसते. काही विकासकांच्या वर्गणीतल्या, केवळ चाचणीसाठीच्या. काही भंगारात गेलेल्या संगणकांच्या स्टिकरवरून उतरवलेल्या. आणि 'केएमएस' नावाने फिरणारं ॲक्टिव्हेटर ही तर कीसुद्धा नव्हे. खरी केएमएस व्यवस्था संस्थांसाठी असते आणि दर एकशेऐंशी दिवसांच्या आत तिला सर्व्हरची ओळख पटवावी लागते. ॲक्टिव्हेटर त्याचं सोंग करतं, आणि तेही तुम्ही अँटिव्हायरस बंद केल्यावर. यातून आणखी काय आत शिरतं, ते दुरुस्तीवाल्याला विचारा.

कायदा आणि तुमचे हक्क

संगणकाचा प्रोग्रॅम ही कॉपीराइट कायद्याच्या भाषेत साहित्यकृती आहे. कलम ६३बी नुसार, अवैध प्रत आहे हे *माहीत असून* ती संगणकावर वापरली, तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद टाळू शकतं आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकतं. घरातल्या दुसऱ्या ड्राइव्हसाठी पोलीस दारात येतील, असं मी म्हणत नाही. कार्यालयाचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे परवान्यांचा हिशेब मागणारी पत्रं येतात आणि मालकाचं नाव कागदावर असतं.

विक्रेत्याकडून तुम्ही काय मागू शकता:

- विंडोजसहित म्हणून विकलेल्या संगणकाच्या बिलावर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या गावी, 'ओएस टाकून देतो' या तोंडी वाक्याला अर्थ नाही.
- बनावट किंवा भलत्याच प्रकारची की दिली असेल, तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत करा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.
- धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं ऐकून परत फिरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून वापरणारा कायद्याने ग्राहकच आहे. एकट्याने चालवलेलं डीटीपीचं टेबल त्यात बसू शकतं.

संगणक किंवा डिस्क विकताना

संगणकाबरोबर आलेली विंडोज त्याच्याबरोबर जाऊ द्या, स्टिकर असेल तर तोही. सुटी विकत घेतलेली असेल आणि ती तुम्हाला नव्या संगणकात न्यायची असेल, तर आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये तीच कमांड डीएलआयच्या जागी यूपीके लिहून चालवा, की निघते. मग मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावरून जुना संगणक काढून टाका. नुसती डिस्क विकत असाल तर तिच्यावर विंडोज ठेवून 'चालू आहे' म्हणून विकू नका. तो परवाना तुमच्या संगणकाचा आहे, डिस्कचा नाही. तिला आधी पूर्ण पुसा. झटपट फॉरमॅट पुरत नाही. त्यात 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट चालवा आणि रात्रभर चालू द्या. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या ॲपमधला 'सिक्युअर इरेज' वापरा, तो काही मिनिटांत होतो.